काचेवरचे शेवाळ काढताना: मत्स्यटाकीसाठी स्वस्त आणि निर्धोक पद्धती

मत्स्यटाकीची काच हिरवी पडू लागली, की बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. एक तर स्वयंपाकघरातली हाताला लागेल ती घासणी पाण्यात बुडवून काच घासायला घेतात, नाहीतर शेवाळ मारण्याच्या औषधाची बाटली आणून टाकीत ओततात. पहिल्या उपायाने काचेवर कायमचे चरे उठतात आणि घासणीत मुरलेला साबण पाण्यात उतरतो. दुसऱ्या उपायाने शेवाळ मेले तरी ते कुजून पाणी बिघडवते, आणि औषधात तांब्याचा अंश असेल तर टाकीतल्या गोगलगाई आणि झिंगे त्यात दगावतात. वास्तविक हे काम एखादे बाद झालेले प्लास्टिकचे कार्ड, स्वच्छ सुती फडका आणि क्वचित लागलेच तर एक ब्लेड एवढ्यावर भागते. साधनांवर म्हणावा असा खर्च होतच नाही. खर्च ओढवतो तो वाळूच्या एका कणाने, साबणाच्या अंशाने किंवा काचा जोडणाऱ्या सिलिकॉनच्या सांध्यात शिरलेल्या पात्याने. त्यामुळे या लेखात साधनांपेक्षा या तीन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

आधी काचेवर काय बसले आहे ते ओळखावे

‘शेवाळ’ हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो. पण काचेवर बसणारे थर निरनिराळ्या प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला वेगळा हात लावावा लागतो. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे ओल्या काचेवरून बोट फिरवून पाहणे आणि बोटाने काही निघाले नाही तर नख लावून पाहणे.

बोट फिरवताच तपकिरी, धुळीसारखा थर निघून पाण्यात पसरला, तर ते डायटम असतात. सिलिकाचे कवच असलेल्या या सूक्ष्म पेशी नव्याने भरलेल्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत हमखास दिसतात. काच, खडी, पानांचा वरचा भाग असे सगळे तपकिरी पडले की नवखा माणूस घाबरतो. परंतु टाकी जसजशी जुनी होते तसतसे हे थर बहुधा आपोआप कमी होतात. तोवर मऊ फडक्याने आठवड्यातून एकदा पुसणे पुरेसे असते आणि याच्यासाठी ब्लेड हातात घेणे म्हणजे निव्वळ हौस होय.

थर हिरवा, एकसारखा आणि पिठासारखा असेल, बोटाने सहज निघत असेल, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा येत असेल, तर ते हिरवे धुळशेवाळ समजावे. त्याच्या चिवटपणाचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. या शेवाळाच्या काही पेशींना शेपटीसारखे तंतू असतात आणि त्यांच्या साहाय्याने त्या पाण्यात पोहू शकतात. म्हणून काच पुसल्यावर थर नाहीसा झाल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग पाण्यात तरंगत राहतो आणि काही तासांतच पुन्हा काच धरतो. पाणवनस्पतींच्या टाक्या सांभाळणारे अनुभवी लोक याच्यावर एक उलटा वाटणारा उपाय करतात. ते दोन ते तीन आठवडे काचेला हातच लावत नाहीत. थर जाड होऊन त्याचे चक्र पूर्ण झाले, की तो कार्डाने खरवडून, लगेच सायफनने, म्हणजे पाणी टाकीतून खालच्या बादलीत ओढून घेणाऱ्या नळीने, काढून घेऊन मोठ्या प्रमाणावर पाणी बदलतात. या दोन-तीन आठवड्यांत टाकी पाहुण्यांना दाखवण्याजोगी राहत नाही. पण रोज पुसून रोज तेवढेच शेवाळ परत येण्यापेक्षा हे बरे.

काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे गोल, गडद हिरवे ठिपके असतील आणि नखानेही ते निघत नसतील, तर ते ठिपकेशेवाळ होय. फडक्याने हे निघत नाही आणि जोर लावून घासल्यास काचेपेक्षा मनगट आधी थकते. ब्लेडचे खरे काम इथेच आहे.

निळसर हिरवा, बुळबुळीत थर चादरीसारखा सोलून निघत असेल आणि त्याला मातकट, कुबट वास येत असेल, तर ते मुळात शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू असतात. हा थर बहुधा वाळूच्या रेषेलगत, जिथे काचेच्या आतून वाळूचा उभा छेद दिसतो तिथे सुरू होतो. तो घासून पाण्यात विखुरण्याची चूक मुळीच करू नये. बारीक नळीचे तोंड थेट थराला लावून तो सायफनने ओढून बादलीत घ्यावा, कारण प्रत्येक सुटा तुकडा दुसरीकडे जाऊन बसतो. यांच्यातल्या काही जाती विषारी द्रव्ये तयार करतात, म्हणून असे पाणी उघड्या जखमेला लागू देऊ नये.

सांध्यांच्या कडांवर आणि फिल्टरच्या नळीवर काळसर, दाढीसारखे झुबके दिसतात ते आणखी वेगळे. दिसायला काळे असले तरी ते लाल शेवाळांच्या कुळातले आहे. नळी बाहेर काढून साफ करता येते. सांध्यावरचे झुबके जुन्या, मऊ दातब्रशने जेवढे निघतील तेवढेच काढावेत.

टाकी काचेची आहे की ॲक्रिलिकची

कोणतेही साधन उचलण्यापूर्वी याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. कडेने पाहिल्यास साध्या काचेच्या धारेत हिरवट झाक दिसते, काच हाताला थंड लागते आणि नखाने वाजवल्यास टणक आवाज येतो. ॲक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक वजनाला हलके असते, हाताला तेवढे थंड लागत नाही आणि त्याचा आवाज बोदा येतो. पदार्थांची कठिनता मोजण्याच्या मोस मापक्रमावर साधी काच सुमारे ५.५ वर आणि वाळूतले क्वार्ट्झ ७ वर येते, तर ॲक्रिलिक ३ च्या आसपास राहते. या तीन आकड्यांत सगळी गोम आहे. वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असल्यामुळे तो काचेवर चरा पाडतो, आणि ॲक्रिलिकवर तर साधे पोलादी पातेही चरा पाडते. ॲक्रिलिकच्या टाकीत ब्लेड, तारेची घासणी आणि मेलामाइनचा पांढरा स्पंज या तिन्ही वस्तू वर्ज्य मानाव्यात. तिथे मऊ फडका आणि गुळगुळीत धारेचे प्लास्टिकचे कार्ड यांच्यावरच काम चालवावे लागते, आणि म्हणून ॲक्रिलिकवर शेवाळ जुने होऊ देऊ नये.

साधने

मुदत संपलेले बँकेचे किंवा सभासदत्वाचे प्लास्टिकचे कार्ड हे माझ्या मते सर्वांत गुणी साधन आहे. ते काचेपेक्षा मऊ असते, त्याची धार सरळ असते, हाताच्या पंजात नीट बसते आणि त्याने बहुतेक धुळशेवाळ तर निघतेच, कोवळे ठिपकेही निघतात. उठावाचे आकडे असलेली बाजू टाळून सपाट कडेने खरवडावे. वापरण्यापूर्वी कडेवरून बोट फिरवून पाहावे. कुठे खाच पडली असेल तर त्या खाचेत वाळू अडकते, म्हणून ती कड कात्रीने सरळ कापून टाकावी किंवा दुसरी वापरावी. कार्डावरची खासगी माहिती फेकण्याआधी नष्ट करायची असतेच, तेव्हा ते दोन तुकडे करून वापरले तर एका कामात दुसरे काम होते.

फडका शक्यतो नवा, पांढरा आणि सुती असावा. रोजच्या कपड्यांबरोबर धुतलेला जुना फडका वरवर कितीही स्वच्छ वाटला तरी त्याच्या धाग्यांत धुण्याची पावडर आणि कपडे मऊ करण्याचे द्रव्य मुरलेले असते. नवा फडकाही नुसत्या गरम पाण्यात दोन-तीनदा खळबळून वाळवावा, म्हणजे त्यावरची खळ निघून जाते. फडक्याला पर्याय म्हणून फिल्टरमध्ये घालतात तो पांढरा पॉलिस्टरचा कापूस चांगला उपयोगी पडतो. त्याचा तळहाताएवढा तुकडा काचेवरची बुळबुळ छान धरून ठेवतो आणि काम झाल्यावर फेकून देता येतो.

स्वयंपाकघरातल्या स्पंजाबाबत मात्र सावध राहावे. पुष्कळशा स्पंजांत जंतू वाढू नयेत म्हणून रसायने घातलेली असतात आणि त्यांची खरखरीत हिरवी बाजू काचेवर बारीक रेघा उमटवू शकते. मेलामाइनचा पांढरा स्पंज काचेवर उत्तम चालतो, कारण तो अतिशय सूक्ष्म घासकाचे काम करतो. पण कोणतेही साफसफाईचे द्रव्य न मिसळलेला, साधा स्पंजच घ्यावा आणि त्याचे सुटणारे कण सायफनने काढून घ्यावेत.

ब्लेड घ्यायचे तर एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला धरण्यासाठी जाड पाठ असलेले घ्यावे. दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते ओल्या हातात धरणे हा स्वतःशीच केलेला वैरभाव आहे. नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो स्पिरिटने पुसून पाते साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. गंजाचा ठिपका दिसला तरी पाते टाकून द्यावे, कारण गंजलेली धार खडबडीत होते आणि काचेवर ओरखडे पाडते.

आत आणि बाहेर चिकटणारे चुंबकी पुसणे हात न भिजवता काम करून देते, म्हणून ते सगळ्यांना आवडते. माझ्याही टाकीत ते होते. एकदा ते तळाशी वाळूत टेकले, एक कण त्याच्या खरखरीत बाजूत अडकला आणि तो लक्षात येईपर्यंत मी समोरच्या काचेवर हातभर लांबीचा सुरेख कमानदार चरा काढून ठेवला होता. दिवा लागला की तो चरा चमकायचा. तेव्हापासून मी ते पुसणे वाळूच्या पाच सेंटिमीटर वरच थांबवतो आणि टाकीत सोडून न देता दर वेळी बाहेर काढून धुऊन ठेवतो.

ही सगळी साधने, एक बादली आणि एक भांडे केवळ टाकीसाठी राखून ठेवावीत आणि त्यांवर तशी खूण करावी. घरातल्या दुसऱ्या कोणी तीच बादली फरशी पुसायला घेतली, की पुढच्या वेळी तिच्यातून टाकीत काय जाईल याचा भरवसा राहत नाही.

पाण्यात हात घालण्यापूर्वी

हीटर, फिल्टर, हवेचा पंप आणि दिवा यांचे प्लग भिंतीवरून काढून ठेवावेत. नुसते बटण बंद करणे पुरेसे समजू नये. हीटर बंद केल्यावर पंधरा ते वीस मिनिटे थांबावे, कारण पाण्याची पातळी खाली गेल्यावर उघडा पडलेला गरम हीटर थंड पाणी लागताच तडकू शकतो. फिल्टर अर्धा तास बंद राहिल्याने काही बिघडत नाही. तो तासन्‌तास बंद ठेवल्यास मात्र त्यातल्या उपयोगी जीवाणूंना प्राणवायू कमी पडू लागतो.

हात कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने भरपूर धुवावेत. साबण, क्रीम, अत्तर, डास पळवणारे मलम यांपैकी काहीही त्वचेवर असेल तर ते सगळे टाकीत उतरते. हातावर कापल्याची किंवा खरचटल्याची जखम असेल तर लांब रबरी मोजे घालावेत. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जीवाणू असू शकतो आणि तो जखमेतून शिरल्यास हातावर गाठी उठतात. त्या लवकर बऱ्या होत नाहीत आणि औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. याच कारणाने सायफनची नळी तोंडाने ओढू नये. ती पाण्याने भरून, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून, एक टोक बादलीत सोडल्यास प्रवाह आपोआप सुरू होतो. काम संपल्यावर मात्र हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

मासे टाकीतून बाहेर काढू नयेत. जाळीने पकडण्याचा धसका आणि त्या गडबडीत खवल्यांना होणारी इजा यांचा त्रास काच पुसण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. हात संथपणे हलवले, की ते काही मिनिटांत एका कोपऱ्यात जाऊन स्वस्थ राहतात.

प्रत्यक्ष काम

सर्वप्रथम काचेलगतची वाळू किंवा खडी बोटाने दोन-तीन सेंटिमीटर आत सारून घ्यावी. वरवर हे काम किरकोळ वाटते, पण बहुतेक चरे वाळूच्या रेषेलगतच पडतात. तेव्हा इथे दोन मिनिटे जास्त गेली तर ती सत्कारणी लागली असे समजावे. त्यानंतर फडक्याने किंवा पॉलिस्टरच्या कापसाने काचेवरचा मऊ थर पुसावा. सुरुवात वाळूच्या थोडे वरून करून हात खालून वर न्यावा, म्हणजे निघालेला थर वाळूत न दबता वर येतो. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर फडका बाजूला ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यात खळबळून, त्यावरून बोट फिरवून खात्री करून घ्यावी. बोटाला काहीही खरखरीत लागले तर फडका उलटून पाहिल्याशिवाय पुन्हा काचेला लावू नये. गोलाकार घासण्यापेक्षा सरळ रेषेत, एकावर एक थोडे चढणारे पट्टे काढले तर कुठला भाग राहिला ते कळते.

फडक्याने जे निघाले नाही त्याच्यावर कार्ड चालवावे. कार्ड काचेशी साधारण ४५ अंशांत तिरके धरून, किंचित वाकवून दाबले, की त्याची पूर्ण कड काचेला टेकते. कार्डानेही न निघणारे ठिपके उरले तर पाणी बदलण्याच्या दिवसाची वाट पाहावी. त्या दिवशी चौथा हिस्सा पाणी काढल्यावर काचेचा वरचा भाग उघडा पडतो आणि तिथे डोळ्यांसमोर, कोरड्या हाताने ब्लेड चालवता येते. काच ओलीच असावी. पाते काचेशी सुमारे ३० अंशांत धरून पुढे ढकलावे, मग उचलून परत आणावे आणि पुन्हा पुढे ढकलावे; काचेला टेकलेले असतानाच मागे ओढल्यास मागे राहिलेला कण पात्याखाली सापडून रेघ उठते. पात्याचे टोक कधीही काचेत रुतवू नये, पूर्ण धार सपाट टेकलेली असावी.

सिलिकॉनच्या सांध्यापासून किमान एक सेंटिमीटर अंतर राखून ब्लेड थांबवावे. काचा एकमेकींना धरून ठेवणारी आणि पाणी अडवणारी गोष्ट म्हणजे हा रबरासारखा पट्टा, आणि त्याला आडवा काप गेला तर गळती आज सुरू झाली नाही तरी पुढे केव्हातरी होण्याचा धोका राहतो. टाकीत शंभर लिटर पाणी असेल तर नुसत्या पाण्याचेच वजन शंभर किलो होते. ते सगळे फरशीवर येण्यापेक्षा कोपऱ्यातली एक हिरवी रेघ परवडली. सांध्यालगतचे शेवाळ मऊ दातब्रशने वरून खाली हलकेच घासावे आणि तरीही हिरवी छटा राहिली तर ती तशीच राहू द्यावी. सांधा काळ्या सिलिकॉनचा असेल तर ती कोणाला दिसतही नाही.

पाण्याच्या रेषेवर जमणारा पांढरा थर हे शेवाळ नसून पाण्यातले क्षार असतात. त्यासाठी पाण्याची पातळी त्या रेषेच्या चांगली खाली गेलेली असताना पांढऱ्या व्हिनेगारने ओला केलेला, पण न ठिबकणारा कागदी रुमाल काचेला दहा मिनिटे चिकटवून ठेवावा. सौम्य आम्लात चुना विरघळतो आणि मग थर कार्डाने सहज सुटतो. पाणी पुन्हा भरण्यापूर्वी ती जागा ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावी. एखाद-दुसरा थेंब आत पडल्याने अनर्थ होत नाही, पण व्हिनेगार टाकीत ओतल्यास पाण्याची आम्लता एकदम बदलते आणि मासे ते सहन करू शकत नाहीत.

सगळे खरवडून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबले, की जड कण तळाशी बसतात. मग सायफनने तळ ओढून घेत एकूण पाण्याच्या २० ते ३० टक्के पाणी काढावे. नवे पाणी जुन्या पाण्याच्या तापमानापासून एक-दोन अंशांच्या आत असावे आणि ते नळाचे असेल तर त्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेट असलेल्या द्रावणाने आधी नाहीसा करावा. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास क्लोरीन उडून जातो हे खरे. पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) वापरले जात असेल तर ते असे उडत नाही, म्हणून द्रावण हाताशी असलेले बरे. पाणी पूर्ण भरून हीटर बुडाल्यानंतरच प्लग लावावेत, आणि तारेचा थोडा झोळ प्लगच्या खाली लोंबता ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली टपकते.

त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज धुण्याचा मोह आवरावा. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिल्टरमध्ये आणि टाकीतल्या प्रत्येक पृष्ठभागावर असतात. काच, तळ आणि फिल्टर हे तिन्ही एकदम धुतले तर ही व्यवस्था डळमळते. दोन-तीन दिवसांनी, टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-चार वेळा पिळून घ्यावा. क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली तो धुऊ नये.

जे टाकीजवळही आणू नये

भांड्यांचा साबण आणि धुण्याची पावडर यांतली द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट संरक्षक थर धुऊन काढतात आणि अगदी थोडे प्रमाणही लहान टाकीत घातक ठरते. काच चमकवण्याच्या फवाऱ्यांत पुष्कळदा अमोनिया असतो. बाहेरची काच पुसतानासुद्धा तो फवारा टाकीजवळ उडवू नये, कारण तुषार झाकणाच्या फटीतून आत जातात. बाहेरच्या बाजूला साध्या पाण्याने ओला केलेला आणि मग कोरडा मऊ फडका पुरेसा होतो. ब्लीचचा उपयोग फक्त पूर्ण रिकाम्या टाकीसाठी किंवा बाहेर काढलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंसाठी करता येतो, तोही एक भाग ब्लीच आणि वीस भाग पाणी एवढे पातळ करून, मोजे घालून, हवेशीर जागी. नंतर भरपूर धुऊन, क्लोरीन घालवणाऱ्या द्रावणात बुडवून, पूर्ण वाळवूनच त्या वस्तू परत वापराव्यात. ब्लीच आणि व्हिनेगार एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून एकाच दिवशी, एकाच मोरीत या दोन्ही बाटल्या उघडूही नयेत.

शेवाळ पुन्हा का येते

शेवाळाला प्रकाश आणि खत या दोनच गोष्टी लागतात आणि बहुतेक टाक्यांत त्या दोन्ही गरजेपेक्षा जास्त मिळतात. दिवा रोज सहा ते आठ तासांवर आणावा आणि त्यासाठी आपल्या स्मरणशक्तीऐवजी टायमरवर विसंबावे. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टाकी हलवण्यापेक्षा त्या बाजूच्या काचेला बाहेरून गडद कागद लावणे सोपे असते. खाणे एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. तळाशी पडलेला दाणा कुजून शेवटी काचेवरच हिरवा होऊन येतो. चाचणीसंच असेल तर नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करावा आणि ते वाढत असेल तर पाणी थोडे अधिक वेळा बदलावे.

याला एक अपवाद आहे. पाणवनस्पतींनी भरलेल्या आणि प्रखर दिव्याच्या टाकीत ठिपकेशेवाळ वारंवार येत असेल, तर त्यामागे पुष्कळदा फॉस्फेटची कमतरता असल्याचे वनस्पती वाढवणाऱ्यांना आढळते. तिथे खत आणखी कमी केल्याने ठिपके वाढण्याची शक्यता असते. दिव्याची वेळ किंवा तीव्रता कमी करून पाहणे अधिक शहाणपणाचे ठरते.

शेवाळ खाणारे जीव आणावेत का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. काचेपुरते बोलायचे तर नेराइट जातीच्या गोगलगाई खरोखर कामाच्या असतात. त्यांची पिल्ले गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते. पण त्या तिळासारखी पांढरी, टणक अंडी घालतात आणि ती पुन्हा आपल्यालाच कार्डाने काढावी लागतात. ओटोसिंक्लस हे चार-पाच सेंटिमीटरचे मासे मऊ थर चांगला खातात, परंतु ते गटाने आणि जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतच ठेवावेत, कारण नव्या टाकीत ते उपाशी मरतात. ब्रिसलनोज प्लेको हा शेवाळ खाणारा मासा १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत थांबतो. साधा प्लेको मात्र विकत घेताना बोटाएवढा असला तरी पुढे ३० सेंटिमीटरच्या वर जातो आणि शेवाळ खातो त्याहून अधिक घाण करतो. जपानी छायाचित्रकार आणि टाकीरचनाकार ताकाशी अमानो यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले झिंगे धाग्यांसारखे शेवाळ खातात, काचेवरच्या ठिपक्यांना ते तोंड लावत नाहीत. केवळ काच पुसण्याचे काम टळावे म्हणून जिवंत प्राणी आणणे मला पटत नाही, कारण त्यालाही खाणे, जागा आणि स्वच्छ पाणी लागतेच. आणि नको झालेला प्राणी तलावात किंवा नदीत सोडणे हा तर मार्गच नव्हे.

किती वेळा पुसावे

समोरची काच आठवड्यातून एकदा, पाणी बदलण्याच्या आधी, पाच मिनिटे पुसली तर फडका सहसा पुरतो आणि ब्लेडची पाळी क्वचित येते. बाजूच्या काचा पंधरा दिवसांतून एकदा पुरेत. मागची काच मी पुसतच नाही. तिच्यावरचे शेवाळ पाण्यातला अमोनिया आणि नायट्रेट शोषून घेते, लहान पिल्लांना आणि गोगलगाईंना त्यावर चरायला मिळते आणि हिरवी मागची बाजू दिसायलाही वाईट दिसत नाही.

काम झाल्याच्या रात्री पाणी थोडे धुरकट दिसले तर चिंता करू नये. फिल्टर बारीक कण ओढून घेतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी निवळते. सकाळी दिवा लावण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील तर ताबडतोब हवेचा पंप वाढवून चौथा हिस्सा पाणी बदलावे. आणि टाकीखालच्या कडेवरून, विशेषतः कोपऱ्यांतून, कोरडा कागदी रुमाल फिरवावा. तो कोरडाच राहिला तर सांधे शाबूत आहेत.